सांडपाणी प्रकल्पाचा ठराव : निधी आणि प्रशिक्षित मनुष्यबळ एकाच बैठकीत कसे मंजूर करून घ्यावे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय आढाव्यात चार आकडे आहेत. देशाच्या नागरी भागात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते; ३१,८४१ दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रक्रिया प्रकल्प उभारलेले आहेत; त्यांपैकी २६,८६९ दशलक्ष लिटर क्षमता चालू स्थितीत आहे; आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर. चर्चा बहुधा पहिल्या दोन आकड्यांमधील तफावतीची होते, कारण ती तफावत निधी मागण्याच्या कामी येते. नगरपरिषदेच्या सदस्याने मात्र दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यांकडे पाहावे. साडेअकरा हजार दशलक्ष लिटरहून अधिक क्षमता जनतेच्या पैशाने बांधून झालेली आहे आणि तिचा उपयोग होत नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला याच आढाव्यात रोजचे ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी आणि ६,८९० दशलक्ष लिटर उभारलेली क्षमता आली आहे.

प्रकल्प उभा असून न चालण्याची कारणे सहसा तीनच निघतात : घराघरांतील सांडपाणी प्रकल्पापर्यंत आणणारी वाहिनी अपुरी असते, वीज बिलाची तरतूद नसते, किंवा यंत्रणा समजणारा माणूस पाळीवर नसतो. पहिल्या कारणावर सभागृहात चर्चा होते, दुसऱ्यावर अंदाजपत्रकाच्या वेळी कुरकुर होते आणि तिसऱ्याचा विषय विषयपत्रिकेवर येतच नाही. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर राज्यातील अनेक नगरपरिषदांत दीर्घ प्रशासकीय कालखंडानंतर निर्वाचित सदस्य परतले आहेत. त्यांच्यासाठी आणि सभेचे कामकाज समजून घेऊ इच्छिणाऱ्या नागरिकांसाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. त्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : भांडवली निधी, चालवण्याचा खर्च आणि चालवणाऱ्या माणसांचे प्रशिक्षण हे तिन्ही एकाच ठरावात, एकाच दिवशी मंजूर व्हावेत.

पहिली पायरी : शहराचे खरे सांडपाणी मोजणे

प्रकल्पाची क्षमता ठरवताना सल्लागार केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेचा आधार घेतात. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, असे गृहीत धरले जाते. ६०,००० लोकवस्तीच्या शहरासाठी हा हिशेब ६०,००० गुणिले १३५ गुणिले ०.८, म्हणजे रोज सुमारे ६.५ दशलक्ष लिटर इतका येतो. त्यावर पुढील पंधरा किंवा तीस वर्षांच्या लोकसंख्यावाढीचा गुणक लागला की आराखड्यात आठ-दहा दशलक्ष लिटरचा आकडा सहज दिसू लागतो.

परंतु त्याच शहरात नळाला दिवसाआड पाणी येत असेल आणि सरासरी पुरवठा ७० लिटरच पडत असेल, तर आज तयार होणारे सांडपाणी जेमतेम ३.४ दशलक्ष लिटर असते. त्यातलेही काही शोषखड्ड्यांत जिरते, काही उघड्या गटारातून शेताकडे वळते. दहा दशलक्ष लिटरच्या टाक्यांत तीन दशलक्ष लिटर पाणी आले तर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना पुरेसे अन्न मिळत नाही, हवा देणारी यंत्रे मात्र जवळजवळ तेवढीच वीज खातात आणि प्रति लिटर खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून सभेपुढे येणारी कार्यालयीन टिपणी तयार होण्यापूर्वी सदस्यांनी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी, की शहरातील प्रत्येक मोठ्या नाल्याच्या मुखाशी कोरड्या हंगामात आणि पावसाळ्यात, चोवीस तास, दर तासाला प्रवाह मोजून त्याचे तक्ते आराखड्याला जोडावेत. सकाळच्या गर्दीच्या वेळेचा प्रवाह सरासरीच्या दुप्पट-अडीचपट असतो. वाहिनी आणि पंप त्यासाठी असतात, तर जैविक टाक्या सरासरीसाठी. हा फरक सल्लागाराने सभागृहात स्वतःहून समजावून सांगितला नाही, तर त्याला विचारावा.

मोजणीचा आकडा आणि पुस्तिकेचा आकडा यांत मोठी तफावत असल्यास प्रकल्प टप्प्यांत, म्हणजे समान क्षमतेच्या स्वतंत्र संचांत बांधण्याची अट घालावी. जमीन आणि मुख्य वाहिनी पूर्ण क्षमतेची घ्यावी. टाक्या आणि यंत्रे आजच्या गरजेची घ्यावीत.

दुसरी पायरी : तंत्रज्ञानाची निवड चालवणाऱ्याच्या बाजूने करणे

सादरीकरणात तंत्रज्ञानाची नावे झपाट्याने येतात : एसबीआर, एमबीबीआर (टाकीतील तरंगत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारी पद्धत), विस्तारित वायुवीजन (जास्त वेळ हवा देणारी पद्धत), स्थिरीकरण तलाव (उघड्या तळ्यांत पाणी साठवून शुद्ध करणे). प्रत्येकाचा पुरस्कर्ता आपल्या पद्धतीला जागा कमी लागते असे सांगतो. सभागृहाने तीन प्रश्न धरून ठेवावेत. चालवण्यासाठी दर दशलक्ष लिटरमागे किती युनिट वीज लागेल? वीज सहा तास गेली तर काय होईल? आणि स्वयंचलित नियंत्रण बिघडले तर पाळीवरचा माणूस झडपा हाताने चालवून प्रक्रिया सुरू ठेवू शकेल काय? एसबीआर पद्धतीत भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे स्वच्छ पाणी काढणे हे सगळे एकाच टाकीत ठरावीक वेळापत्रकानुसार घडते. पाण्याचा दर्जा चांगला मिळतो, पण वेळापत्रक सांभाळणारे नियंत्रक आणि ते समजणारा तंत्रज्ञ दोन्ही लागतात. गावाबाहेर पुरेशी गायरान जमीन असलेल्या लहान नगरपरिषदेने तलाव पद्धतीचा पर्याय जुनाट म्हणून झटकून टाकू नये.

सोडण्याच्या पाण्याचा दर्जा कोणता, हेही आधीच ठरले पाहिजे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत जैविक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण दाखवणाऱ्या बीओडीची, मर्यादा महानगरांसाठी लिटरला २० आणि इतर शहरांसाठी ३० मिलिग्रॅम होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती १० वर आणण्यास सांगितले. प्रकल्पासाठी लागणाऱ्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात जो आकडा लिहिला जाईल तोच बंधनकारक असतो. ३० चे गणित करून बांधलेल्या प्रकल्पाला संमतिपत्रात १० ची अट आली, तर नव्या यंत्रणेचा भुर्दंड नगरपरिषदेवरच पडतो. सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होण्यापूर्वी मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाशी पत्रव्यवहार करून हा आकडा लेखी घ्यावा.

भुयारी गटार योजनेचा खर्च अजिबात पेलणार नाही अशा शहरांपुढे दुसरा मार्ग आहे आणि तो आपल्याच राज्यात चालवून दाखवलेला आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी घरोघरच्या शौचटाक्या दर तीन वर्षांनी आळीपाळीने रिकाम्या करण्याची नियोजित सेवा सुरू केली आणि तो मैला स्वतंत्र मैलागाळ प्रक्रिया केंद्रात नेण्याची व्यवस्था केली. घरमालकाने टाकी तुंबल्यावर फोन करण्याची वाट न पाहता नगरपरिषदेनेच वेळापत्रक लावले, खर्चासाठी स्वच्छता कर आणि मालमत्ता कराचा आधार घेतला आणि ठेकेदाराचे देयक कामगिरीशी जोडले. ठेकेदाराला वेळेवर पैसे मिळतील याची हमी देणारे स्वतंत्र एस्क्रो खाते हा त्या व्यवस्थेचा मला सर्वांत अनुकरणीय वाटलेला भाग आहे, कारण नगरपरिषदेच्या निविदेला चांगले ठेकेदार प्रतिसाद देत नाहीत याचे मूळ बहुतेक वेळा थकलेल्या देयकांत असते. अर्थात, शौचटाक्यांच्या व्यवस्थेत स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचे पाणी गटारातूनच वाहत राहते, त्यामुळे नाल्यावरचे सांडपाणी अडवून वळवण्याचे काम उरतेच.

तिसरी पायरी : जमीन

या पायरीवर बोलण्यासारखे थोडे आणि करण्यासारखे पुष्कळ असते. सांडपाणी उताराने वाहते, म्हणून प्रकल्पाची जागा शहराच्या सर्वांत सखल टोकाला, बहुधा नदीकाठी येते. तिथेच पूररेषेचा अडथळा असतो. सातबारा नगरपरिषदेच्या नावावर आहे काय, जागा जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे, विकास आराखड्यात आरक्षण कशाचे आहे आणि प्रकल्पापर्यंत अवजड वाहन जाईल असा रस्ता आहे काय, या चार बाबींची कागदपत्रे टिपणीसोबत नसतील तर विषय पुढे ढकलण्याची सूचना मांडणे हे अडवणुकीचे राजकारण ठरत नाही. जमिनीच्या वादात अडकलेल्या प्रकल्पाचा निधी परत जातो आणि पुढच्या प्रस्तावाच्या वेळी तोच इतिहास शहराच्या विरोधात वाचला जातो.

चौथी पायरी : निधीचा आराखडा दोन भागांत मांडणे

पहिला भाग भांडवली खर्चाचा. केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी अमृत २.० आणि स्वच्छ भारत अभियान नागरी २.० या दोन्ही योजना सुरू केल्या, दोन्ही पाच वर्षांसाठी. अमृत २.० मध्ये पाणीपुरवठा सर्व नागरी संस्थांसाठी आहे, पण मलनिस्सारणाचा घटक पहिल्या अमृत अभियानातील ५०० शहरांपुरता आहे. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या इतर शहरांसाठी वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थापनाचा घटक स्वच्छ भारत अभियानात ठेवला आहे. केंद्राचा वाटा एक लाखाच्या आतील शहरांना निम्मा, एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश आणि त्यापुढे एक चतुर्थांश असा आहे. उरलेला राज्य आणि नगरपरिषद मिळून भरतात. अमृतचा केंद्रीय निधी २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो, म्हणून पहिल्या हप्त्यानंतर काम थांबू नये यासाठी नगरपरिषदेचा स्वतःचा हिस्सा आधी हाताशी हवा. या योजनांची मूळ मुदत २०२५-२६ पर्यंतची असल्याने नवीन प्रस्तावासाठी त्यांची सध्याची स्थिती नगरविकास विभागाच्या ताज्या शासन निर्णयावरून तपासल्याशिवाय टिपणीत त्यांचा आकडा लिहू नये. राज्याच्या बाजूने महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाभियान हा दुसरा मोठा स्रोत आहे. महानगरपालिका कर्जरोख्यांचा विचार करू शकतात. लहान शहराच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेने त्या चर्चेत वेळ घालवू नये.

वित्त आयोगाच्या अनुदानाकडे बारकाईने पाहावे. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीत दशलक्षी शहरांव्यतिरिक्त इतर नागरी संस्थांच्या अनुदानापैकी ४० टक्के अबंधित आणि ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेले, होते. बंधित रकमेतील अर्धी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी, तर अर्धी पिण्याचे पाणी, पर्जन्यसंचय आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. आधीच्या वर्षांची बंधित रक्कम अखर्चित पडून असेल, तर ती सांडपाण्याच्या कोणत्या कामाला लावता येईल हे लेखापालांकडून लेखी घ्यावे. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा कालावधी सुरू होतो, त्यामुळे जुन्या अटी गृहीत धरून पुढची तरतूद दाखवू नये.

दुसरा भाग चालवण्याच्या खर्चाचा, आणि सभागृहाने अधिक वेळ द्यावा तो याच भागाला. केंद्र व राज्याच्या अनुदानातून टाक्या बांधून मिळतात. वीज बिल, पगार, रसायने, पंपांची दुरुस्ती आणि गाळाची विल्हेवाट यांचा भार नगरपरिषदेच्या तिजोरीवर येतो. टिपणीत किमान दहा वर्षांचा वर्षवार तक्ता हवा. त्यात महावितरणची वीजजोडणी कोणत्या वर्गवारीत घेतली जाणार हे नमूद असावे, कारण सार्वजनिक पाणीपुरवठा व सांडपाणी प्रक्रियेसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे आणि चुकीच्या वर्गवारीतील किंवा गरजेपेक्षा जास्त करारभार (करारात ठरलेला कमाल वीजभार) घेतलेली जोडणी वर्षानुवर्षे पैसे गिळत राहते.

हा खर्च कशातून भागणार याचे उत्तर ‘सामान्य निधीतून’ असे दोन शब्दांत आले, तर ते उत्तर मान्य करू नये. जलनिस्सारण कर किंवा विशेष स्वच्छता कर लावायचा असेल तर तसे स्पष्ट म्हणावे आणि दरवाढीचे टप्पे दाखवावेत. प्रक्रिया केलेले पाणी विकण्याचा मार्ग असेल तर ग्राहकाचे पत्र जोडावे. नागपूर महानगरपालिका भांडेवाडी येथील प्रक्रिया केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांसाठी देते. शिवाय २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी असे पाणी वापरणे बंधनकारक आहे. आपल्या शहराजवळ वीज केंद्र नसले तरी औद्योगिक वसाहत, साखर कारखाना किंवा बांधकामासाठी टँकरने पाणी नेणारे व्यावसायिक असतात. त्यांची मागणी कागदावर आल्याशिवाय मात्र उत्पन्नाच्या रकान्यात आकडा भरू नये.

सभागृहात कोणीतरी म्हणतेच, की प्रकल्प नाही झाला तर काय बिघडते. त्याचे उत्तर रुपयांत देता येते. हरित न्यायाधिकरणाने २८ ऑगस्ट २०१९ च्या आदेशात मुदतीनंतर प्रकल्प कार्यान्वित न झाल्यास प्रत्येक प्रकल्पामागे दरमहा १० लाख रुपये भरपाईची आकारणी सांगितली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सांडपाणी व घनकचरा मिळून महाराष्ट्रावर सुमारे १२,००० कोटी रुपयांची भरपाई आकारली. ही रक्कम ऐकून घाईने कसाही प्रकल्प उरकण्याचा मोह होतो. बंद पडलेला प्रकल्प भरपाईतून सुटका करत नाही, हे त्याच वेळी सांगावे.

पाचवी पायरी : माणसे किती, कोण आणि त्यांना काय शिकवायचे

सांडपाणी रात्रीही येते. त्यामुळे पाळीवर एक चालक हवा असेल तर आठवड्याच्या २१ पाळ्या भराव्या लागतात. एका माणसाने साप्ताहिक सुटी घेऊन सहा पाळ्या केल्या तर साडेतीन माणसे आणि रजा-आजारपण धरून चार माणसे एका जागेसाठी लागतात. प्रत्येक पाळीत एक चालक आणि एक मदतनीस धरला तर आठ, त्यावर दिवसपाळीला वीजतंत्री, जोडारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि प्रकल्प प्रभारी असे चार, म्हणजे मध्यम आकाराच्या प्रकल्पाला बारा माणसांचा ताफा लागतो. टिपणीत ‘चालक २ पदे’ असे लिहिलेले आढळले, तर ही आकडेमोड सभेत वाचून दाखवावी. दोन माणसांवर चालणारा प्रकल्प रात्री बंद असतो आणि त्या वेळचे पाणी बगल वाहिनीतून थेट नदीत जाते.

आता कोणाला शिकवायचे? नगरपरिषदेतील अभियंते राज्यस्तरीय संवर्गातील असतात आणि त्यांची बदली होते. सगळे प्रशिक्षण एका अभियंत्याला दिले आणि तो तीन वर्षांत दुसऱ्या शहरात गेला, तर ज्ञानही त्याच्यासोबत जाते. अभियंत्याला प्रशिक्षण द्यावेच, पण प्रशिक्षणाचा मोठा हिस्सा शहरातच राहणाऱ्या माणसांवर खर्च व्हावा : पाणीपुरवठा विभागातील पंपचालक, झडपा हाताळणारे कर्मचारी, आरोग्य विभागातील सफाई कर्मचाऱ्यांपैकी शिकलेले तरुण आणि शहरातील आयटीआयमधून वीजतंत्री किंवा जोडारी व्यवसाय पूर्ण केलेली मुले-मुली. सफाई कर्मचाऱ्याला चालकाच्या पदावर जाण्याचा मार्ग मोकळा करणे हा या प्रकल्पाचा सामाजिक लाभ आहे आणि तो ठरावात उमेदवारांच्या प्राधान्यक्रमाने लिहिला पाहिजे.

अभ्यासक्रम वर्गातल्या व्याख्यानांवर संपू नये. चालकाला वायुवीजन (हवा देण्याच्या) टाकीतील पाणी एक लिटरच्या नळकांड्यात घेऊन अर्ध्या तासात गाळ किती बसतो हे पाहता आले पाहिजे. त्या एका साध्या चाचणीवरून गाळ काढायचा की राखायचा याचा निम्मा निर्णय होतो. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साधारण दोन मिलिग्रॅमच्या आसपास राहतो आहे काय, फेस पांढरा आहे की तपकिरी, गाळ तरंगतो आहे काय, पंपाचा विद्युतभार नेहमीपेक्षा वाढला आहे काय, हे ओळखून नोंदवहीत लिहिण्याची सवय लागली पाहिजे. प्रयोगशाळा तंत्रज्ञाला नमुना कुठून, कोणत्या वेळी आणि कशा बाटलीत घ्यायचा हे आधी शिकवावे, कारण बीओडीच्या चाचणीला काही दिवस लागतात आणि चुकीच्या नमुन्याची अचूक चाचणी करून हाती काहीच येत नाही.

सुरक्षिततेचे प्रशिक्षण वेगळे आणि सक्तीचे असावे. मॅनहोल, पंपगृहाची विहीर आणि गाळाची टाकी येथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. जास्त प्रमाणात त्याचा वास येणेच बंद होते, म्हणून नाकावर विसंबणाऱ्या माणसाचा जीव जातो आणि त्याला काढायला उतरणाऱ्याचाही. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारा चार वायूंचा शोधक, हवा खेळवणारा पंखा, तिपाई, दोर आणि कमरपट्टा ही साधने खरेदीच्या यादीत पहिल्या वर्षीच हवीत. २०१३ च्या कायद्याने गटार व मैलाटाक्यांची धोकादायक सफाई माणसांकडून करून घेण्यास मनाई केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली आहे. काम ठेकेदाराचे होते, हा बचाव नगरपरिषदेला वाचवत नाही. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत गटार व मैलाटाकी कामगारांची नोंदणी, सुरक्षा साहित्य आणि आरोग्य विमा यांची सोय आहे. आपल्या शहरातील खासगी मैला उपसा वाहनांवरील कामगारांचीही नोंद त्यात झाली आहे काय, हे आरोग्य निरीक्षकांना विचारावे.

प्रशिक्षण कुठे घ्यावे याचे पर्याय राज्यातच आहेत. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नाशिक येथील ‘मित्रा’ ही प्रबोधिनी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या प्रशिक्षणासाठीच आहे. १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आणि पुण्याची यशदा ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था अधिकारी व सदस्यांसाठी कार्यक्रम घेतात. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सने सांडपाणी प्रकल्पातील तंत्रज्ञ आणि मदतनीस या कामांचे अभ्यासक्रम ठरवले आहेत. स्थानिक आयटीआयशी करार करून त्यांतील एखादा शहरातच चालवता येतो. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून २०२४ पासून बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतनावर उमेदवार मिळू लागले. या उमेदवारांना प्रकल्पावर शिकण्यासाठी अवश्य ठेवावे, पण मंजूर पदांच्या जागी त्यांना उभे करू नये. काही महिन्यांनी ते जातात, आणि प्रकल्प मात्र पुढची तीस वर्षे चालवायचा असतो.

सहावी पायरी : निविदेतील अटी

बहुतेक निविदांत बांधकामासोबत पाच वर्षे चालवण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते. ही पाच वर्षे नगरपरिषदेसाठी शाळेची असावीत. त्यासाठी नगरपरिषदेने निवडलेले चालक चाचणीच्या पहिल्या दिवसापासून ठेकेदाराच्या माणसांसोबत पाळीवर राहतील. शेवटच्या वर्षात प्रकल्प प्रत्यक्षात तेच चालवतील आणि ठेकेदाराचा माणूस देखरेख करील. चालवण्याची पुस्तिका, झडपांचे नकाशे आणि सुट्या भागांची यादी मराठीत मिळेल. आणि या गोष्टी पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत ठरावीक टक्के रक्कम राखून ठेवली जाईल, अशा अटी घालाव्यात. नियंत्रकाचे संकेतशब्द आणि मूळ संगणकीय आज्ञावली नगरपरिषदेच्या ताब्यात येण्याची अट तर विसरूच नये. ती नसल्यामुळे मुदत संपल्यावर त्याच ठेकेदाराकडे वाटेल त्या दराने परत जावे लागते.

देयकाचा काही भाग स्थिर आणि काही भाग प्रत्यक्ष प्रक्रिया झालेल्या पाण्याच्या प्रमाणाशी व दर्जाशी जोडावा. दर्जाचे नमुने ठेकेदाराने घेऊ नयेत. मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रयोगशाळेने पूर्वसूचना न देता घ्यावेत.

सातवी पायरी : सभा

विषय आधी पाणीपुरवठा व जलनिस्सारण समितीपुढे न्यावा. तिथे आकड्यांवर भांडण झाले तर ते उपयोगी पडते. सर्वसाधारण सभेत तेच भांडण वर्तमानपत्रासाठी होते. टिपणी, मोजणीचे तक्ते, दहा वर्षांच्या खर्चाचा तक्ता आणि मनुष्यबळाचा तक्ता विषयपत्रिकेसोबतच सदस्यांच्या हाती पडावेत. सभेच्या दिवशी टेबलावर ठेवलेल्या शंभर पानांवर कोणी मत देऊ शकत नाही, आणि तरीही मत मागितले गेल्यास ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. ज्या प्रभागात प्रकल्प येतो तेथील सदस्याचा विरोध गृहीतच धरावा. दुर्गंधी, डास आणि जमिनीचे भाव या तिन्ही शंका रास्त आहेत. त्यांच्यासाठी हरितपट्टा, झाकलेले पंपगृह आणि गाळ उचलण्याची वेळ या गोष्टी ठरावातच लिहून द्याव्यात.

ठरावाचा मसुदा पुढीलप्रमाणे करता येईल :

‘नगरपरिषद हद्दीतील सांडपाणी अडविणे, वाहून नेणे व त्यावर प्रक्रिया करणे या कामाच्या सविस्तर प्रकल्प अहवालास, सोबतच्या प्रवाहमोजणीच्या तक्त्यांसह, ही सभा मान्यता देत आहे. भांडवली खर्चातील नगरपरिषद हिश्शाची रक्कम तक्ता एकप्रमाणे स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्यात यावी. प्रकल्प चालविण्याच्या दहा वर्षांच्या खर्चासाठी तक्ता दोनप्रमाणे दरवर्षी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली तरतूद करण्यात यावी व ती अन्य कामाकडे वळविण्यात येऊ नये. तक्ता तीनमधील मनुष्यबळाची निवड व प्रशिक्षण प्रकल्पाच्या चाचणीपूर्वी सहा महिने पूर्ण करण्यात यावे. त्यासाठीचा खर्च प्रकल्प खर्चाचा भाग समजण्यात यावा. प्रशिक्षित चालक उपलब्ध असल्याचे मुख्याधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज ठेकेदारास काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यात येऊ नये.’

शेवटचे वाक्य वगळण्याचा आग्रह होईल, कारण त्यामुळे ठेकेदाराचे देयक नगरपरिषदेच्या स्वतःच्या कामगिरीवर अवलंबून राहते. तडजोड करायचीच असेल तर ‘चालक उपलब्ध करून देण्यात नगरपरिषदेने विलंब केल्यास त्याचे कारण पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे’ अशी जोड द्यावी, पण वाक्य काढू नये. मतदान झाल्यास बाजूने आणि विरोधात मत देणाऱ्यांची नावे इतिवृत्तात घ्यावीत. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी निलंबित करू शकतात, म्हणून तरतुदीचा स्रोत न दाखवता खर्चाचे आश्वासन देणारी भाषा टाळावी.

आठवी पायरी : ठरावानंतर

पुढचा क्रम ठरलेला आहे : महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून तांत्रिक मान्यता, शासनाची प्रशासकीय मान्यता, प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती, निविदा, कार्यादेश, आणि शेवटी चालवण्याची संमती. प्रत्येक टप्प्याचे पत्र केव्हा गेले आणि उत्तर केव्हा आले याचा एक पानी तक्ता प्रत्येक सर्वसाधारण सभेत मागावा.

प्रशिक्षणाचे वेळापत्रक बांधकामाच्या उलट दिशेने मोजावे. चाचणीच्या वर्षभर आधी उमेदवारांची निवड, दहा महिने आधी वर्गातील प्रशिक्षण, त्यानंतर शेजारच्या एखाद्या चालू प्रकल्पावर प्रत्यक्ष पाळीचे काम, आणि यंत्रे बसवली जात असताना स्वतःच्या प्रकल्पावर हजेरी. यंत्र बसताना ज्याने पाहिले आहे त्याला ते उघडताना भीती वाटत नाही.

प्रकल्प सुरू झाल्यावर जलनिस्सारण समितीने दरमहा पाच आकडे मागावेत : किती दशलक्ष लिटर पाणी आले, किती प्रक्रियेविना बगल वाहिनीतून सोडले, दर दशलक्ष लिटरमागे किती युनिट वीज लागली, त्रयस्थ प्रयोगशाळेचा बीओडी किती आला, आणि किती पाळ्या प्रशिक्षित चालकाशिवाय गेल्या. सोबत गाळाची नोंदही पाहावी. गाळ निघालाच नाही असे सलग दोन महिने दिसले तर प्रकल्पावर अचानक भेट द्यावी, कारण सांडपाण्यावर प्रक्रिया होत असेल तर गाळ तयार होतोच. भेट रात्रपाळीला द्यावी, आणि नोंदवही मागण्यापूर्वी हवा देणारी यंत्रे चालू आहेत काय ते पाहावे.